मायवानच्या भिंतीला भोक पडत नाहीये, ड्रिल कोणतं घ्यावं?

पसारेवाली

पुनावळ्यात नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलोय. हवा छान, पाणी टँकरचं, आणि भिंती अशा की खिळा मारला तर खिळाच वाकतो. सामान लागलंय, पण भिंतीवर जायचं ते सगळं अजून जमिनीवर आहे. टीव्ही मोड्यावर, पडद्यांच्या जागी चादरी, पुस्तकं खोक्यांत.

कामं अशी आहेत: खिडक्यांचे पडद्याचे रॉड, ४३ इंची टीव्हीचं ब्रॅकेट, पुस्तकांसाठी तीन फळ्या, स्वयंपाकघरात टाइल्सवर प्युरिफायर, बाथरूममध्ये २५ लिटरचा गीझर, आणि गॅलरीच्या छताला तो दोरी ओढून वर-खाली होणारा कपडे वाळवायचा स्टँड.

सोसायटीतला इलेक्ट्रिशियन भोकामागे पैसे घेतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण "ताई, संध्याकाळी येतो" म्हणतो आणि कुठली संध्याकाळ ते सांगत नाही.

माझ्याकडे बाबांचं ड्रिल आहे. ५०० वॉट, १० एमएम चक, हॅमरचं बटणही आहे. साताऱ्याचं अख्खं घर याच मशीनवर सजलं. इथे मात्र सेंटिमीटरभर आत जातं आणि मग नुसतं किंचाळतं. नवाकोरा ६ चा बिट लावला तर त्याचं टोक निळं-जांभळं झालं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी फोन करून "काय चाललंय गं?" विचारलं, ते वेगळंच.

तर प्रश्न: मशीन बिघडलंय की भिंतच तशी आहे? दुकानदार म्हणतो ७५० वॉटचं घ्या, सरळ आत जाईल. खरंय का? ऑनलाइन २१ व्होल्टचं बॅटरीवालं ड्रिल आणि सोबत शंभर सोनेरी बिट्स असा संच दिसतोय, तो घ्यावा का? आणि इम्पॅक्ट ड्रिल, हॅमर ड्रिल, रोटरी हॅमर, इम्पॅक्ट ड्रायव्हर ही एकाच माणसाची चार नावं आहेत की चार माणसं?

"इलेक्ट्रिशियन बोलवा" हा सल्ला सोडून काहीही सांगा.

निवांत_पुणेकर

इलेक्ट्रिशियन बोलवा.

पसारेवाली

वाटलंच होतं.

जिग_फिक्श्चर

मशीन ठणठणीत आहे. साताऱ्याची वीट आणि पुनावळ्याचं काँक्रीट एकाच औजाराने उरकेल असं ते मशीन बनवणाऱ्यानेही कधी म्हटलेलं नाही.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली. भोक पाडणं हाच धंदा, फक्त लोखंडात, आणि मोजमाप मायक्रॉनमध्ये. निवृत्त झाल्यावर सोसायटीतल्या लोकांच्या भिंती हाती आल्या. पैसे घेत नाही, चहा घेतो. जो ऐकत नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा जात नाही.

सगळे विचारतात, काका, ड्रिल कुठलं घेऊ? मी विचारतो, भिंत कुठली आहे? तर म्हणतात, "भिंत म्हणजे... भिंतच." इथेच घोळ आहे. पैसे खर्च करायच्या आधी भिंतीला विचारा, ती धुळीतून उत्तर देते. कपाटामागे, दिसणार नाही अशा जागी ५ चा बिट लावा, हॅमर बंद ठेवा आणि हळू सुरू करा. सुरुवातीला पांढरं पीठ येईल ते पुट्टीचं, जिप्समचं किंवा प्लास्टरचं. त्यावर निकाल द्यायचा नाही. त्याच्या पुढे लाल भुकटी आली की वीट. पांढरट करडी, रवाळ धूळ भसाभसा पडतेय आणि बिट स्वतःहून आत ओढला जातोय, तर सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक, आत हवेचे बुडबुडे असलेला हलका ठोकळा. राखाडी, तलम, तीही चिमूटभर आणि बिट हात लावू देत नाही इतका तापतोय, तर काँक्रीट. आणि धुळीत चकचकीत कीस दिसला तर तुम्ही सळईवर आहात. तिथे थांबायचं, ताकद दाखवायची नाही. दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकायचं. सळई बिल्डिंगची आहे, आपली नाही.

मायवानमध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. मध्ये वीट नाही, वर जाड प्लास्टर नाही. पुट्टी खरवडली की थेट काँक्रीट, आणि महाराष्ट्रात त्यातली खडी बहुतेक काळ्या पाषाणाची. तुमचा बिट सेंटिमीटरभर जाऊन थांबला तो बहुधा अशाच एखाद्या खडीवर.

आता मशीन. बाबांचं आहे ते इम्पॅक्ट ड्रिल. त्याच्या आत दात असलेल्या दोन चकत्या समोरासमोर असतात. फिरताना एकीचे दात दुसरीच्या दातांवरून घसरतात आणि चक खडखडतं. मिनिटाला चाळीस हजारांच्या आसपास टोले बसतात, आकडा ऐकायला मोठा आहे. पण एकेका टोल्यात जीव नसतो, आणि जो असतो तो तुम्ही मागून किती रेटता त्यावर. विटेला तेवढं भरपूर. काळ्या खडीवर बिट कापत नाही, घासतो, आणि घासून तापतो. टोक निळं झालं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. बिटाच्या टोकाला कार्बाइडची टिकली ब्रेझिंगने बसवलेली असते. आणखी रेटलं असतंत तर ती सुटून भोकात राहिली असती, आणि मग त्या भोकाला रामराम.

रोटरी हॅमरचं पोट वेगळं असतं. मोटर एक पिस्टन पुढे-मागे पळवते. पिस्टन आणि आतली हातोडी यांच्यामध्ये हवा कोंडलेली असते. ती हवा हातोडीला फेकते, आणि हातोडी बिटाच्या बुडावर आदळते. टोले मिनिटाला चार-पाच हजारच, पण घरगुती आकाराच्या मशीनमध्येही एकेका टोल्यात २ ज्यूलच्या आसपास ऊर्जा. खडी फुटते, बिट फिरून चुरा बाहेर काढतो. तुम्हाला रेटायचं नसतं, मशीन फक्त सरळ धरायचं. फार दाबलंत तर उलट मार कमी होतो.

त्यामुळे दुकानदाराच्या वॉटवर जाऊ नका. वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं. काँक्रीटमध्ये कामाचा आकडा ज्यूलचा, तो खोक्यावर शोधा. ७५० वॉटचं इम्पॅक्ट जिथे रडेल तिथे ६०० वॉटचा रोटरी हॅमर निवांत जाईल. "हॅमर ड्रिल" असं दुकानात दोघांनाही म्हणतात, म्हणून नाव विचारू नका, तोंड बघा. तीन जबड्यांचं चक आणि आवळायची चावी असेल तर ते इम्पॅक्ट. रबरी टोपी आणि मागे ओढायची कॉलर असेल तर एसडीएस प्लस, म्हणजे रोटरी हॅमर. ही पद्धत बॉशने १९७५ साली काढली, आता सगळ्याच कंपन्या तीच वापरतात. बिटाची दांडी १० एमएमची, तिला चार खाचा. ग्रीसचं बोट लावून आत सरकवायची, खट् झालं की बसली. बसल्यावर बिट पुढे-मागे हलतो. हलायलाच हवा, नाहीतर हातोडीचा मार घेणार कसा? "ढिला आहे" म्हणून मशीन परत करायला आलेलं गिऱ्हाईक मी डोळ्यांनी पाहिलंय.

चौथा उरला इम्पॅक्ट ड्रायव्हर. तो स्क्रू पिळायचा. त्याचा टोला फिरण्याच्या दिशेने बसतो, आत नाही. भिंतीशी त्याचं काही देणंघेणं नाही.

तुमच्या कामांना २ किलो गटातला रोटरी हॅमर पुरतो. नुसतं ड्रिल, ड्रिल अधिक हॅमर, नुसता हॅमर असे तीन मोड हवेत, आणि सेफ्टी क्लच हवाच. सळईत बिट अडकला तर मशीन स्वतः फिरतं आणि मनगट सोबत नेतं. क्लच असेल तर आत टरटर वाजतं आणि मनगट वाचतं. नावाजलेल्या कंपनीचं साधारण पाच ते आठ हजारांत येतं. वर्षातून दोनदा लागणार असेल तर विकत घेऊच नका. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला हार्डवेअरवाल्यांकडे चौकशी करा, नाहीतर तुमच्या जवळच्या मोठ्या दुकानात. डिपॉझिट ठेवून दिवसाच्या भाड्याने मिळतं. बिट मात्र स्वतःचे घ्या. भाड्याच्या बिटाला धार नसते. ६, ८ आणि १० असे तीनच, सुटे, चांगले. त्या शंभर सोनेरी बिट्सपैकी काँक्रीटच्या उपयोगाचे किती निघतात ते मोजायला फार बोटं लागणार नाहीत.

भोक पाडायची रीत उद्या लिहितो. आमच्याकडे लाईट गेलेत आणि मोबाईल सुद्धा बाराच्या भावात आहे.

चिऱ्याचं_घर

जिग काकांनी सगळं पुण्याचंच सांगितलं, आमच्या रत्नागिरीकडच्या लोकांनी हे वाचून हॅमर आणला तर घोळ होईल, म्हणून लिहिते.

जांभ्याच्या भिंतीत रोटरी हॅमर लावू नका हो. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, उघड्यावर राहून कडक होतो, पण आतून भोकाभोकांचाच. हॅमर लावला की ६ चं भोक पाहता पाहता १० चं होतं, आणि कडेचा तुकडा हातात येतो. साधं ड्रिल, हॅमर बंद, स्पीड कमी. वेळ लागतो, लागू द्या. भोकात स्क्रूसाठी बसवतो तो प्लग लांब घ्यायचा, आखूड प्लग पोकळीत लटकतो. जड वस्तू असेल तर आमचा गवंडी अजूनही जुनीच रीत करतो: भोक मोठं घ्यायचं, पाण्याने भिजवायचं, सिमेंट भरून त्यात सागवानी गिट्टी ठोकायची, दोन-तीन दिवस तसंच ठेवायचं आणि मग स्क्रू. आमच्या माजघरातला झोपाळ्याशेजारचा मोठा आरसा तसाच आहे, माझ्या लग्नाआधीपासून.

आणखी एक. कोकणात स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साधा स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून असा बसतो की काढताना डोकं तुटतं. आणि वादळी दिवसांत व्होल्टेज पडलेलं असताना मशीन चालवू नका. आवाज बसलेला कळतो. मोटर गरम होते, मग जळका वास येतो.

गिरमिट अजून ठेवलंय मी. वाशाला हूक लावायचा तर वीज कशाला हवी?

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथल्या घरांच्या भिंती बघून पुनावळ्याच्या ताईंना हेवा वाटेल. आत लाकडाचे उभे स्टड, साधारण १६ इंचांवर एक, आणि वर अर्ध्या इंचाचा ड्रायवॉल. भोक बोटाने पडेल. इथे सगळं कौशल्य स्टड शोधण्यात आहे, टीव्ही स्टडमध्येच जायला हवा, नाहीतर ड्रायवॉलसकट खाली.

लिहायचं कारण: दर दिवाळीला कुणीतरी सांगतं, "येताना तिकडचं चांगलं ड्रिल घेऊन ये." वायरवालं आणू नका. इथलं मशीन १२० व्होल्टचं. तुमच्या २३० ला लावलं की काही सेकंदांत धूर. बॅटरीवालं आणता येतं, पण चार्जरच्या मागचं बारीक छापलेलं वाचा. १०० ते २४० लिहिलं असेल तरच. बऱ्याच ड्रिलचे चार्जर फक्त १२० चे असतात. सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, केबिन बॅगेतच ठेवायच्या. आणि इथे स्वस्त मिळतं ते बहुतेक ड्रायवॉल-लाकडाच्या लायकीचं असतं. मायवानपुढे त्याचा टिकाव लागायचा नाही.

पसारेवाली

काका, धुळीची परीक्षा घेतली! हॉल, दोन्ही बेडरूम, बाहेरच्या सगळ्या भिंती: राखाडी, तलम, चिमूटभर. म्हणजे काँक्रीट. पण स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामधल्या भिंतीत बिट आपोआप आत गेला आणि फरशीवर पांढरट रवाळ ढीग. म्हणजे सिपोरेक्स ना? गीझरचे पाण्याचे पॉइंट नेमके त्याच भिंतीवर आहेत. प्युरिफायरसुद्धा त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला.

@चिऱ्याचं_घर ताई, गिरमिटाचा फोटो टाका ना.

जिग_फिक्श्चर

शाब्बास. निम्मं काम झालं. बिल्डरने बाहेरचं मायवान आणि आतल्या काही आडभिंती ब्लॉकच्या केल्यात, असं पुष्कळ ठिकाणी असतं.

गीझरचं आधी, कारण बाकी काही पडलं तर दुरुस्त होतं. २५ लिटर म्हणजे नुसतं पाणीच २५ किलो. वरून टाकी, कॉइल, पत्रा धरून पस्तीस-चाळीस किलो डोक्यावर, आणि खाली ओला माणूस. गीझरसोबत येतात ते लोखंडी फुगणारे बोल्ट. काँक्रीटमध्ये ते पक्के, कारण आवळले की ते भोकाची भिंत रेटतात आणि काँक्रीट ती रेट सोसतं. सिपोरेक्स सोसत नाही. तो आतून चुरडतो, बोल्ट आवळलाय असं वाटतं आणि महिनाभराने भार घेऊन हळूच बाहेर येतो. त्या भिंतीवर ते बोल्ट लावू नका. प्लंबरला सांगून पॉइंटपासून लांब नळ्या घेऊन शेजारच्या काँक्रीटच्या भिंतीवर गीझर सरकवता आला तर उत्तम. नाहीच जमलं तर भिंतीच्या आरपार बोल्ट आणि पलीकडच्या बाजूला लोखंडी पट्टी, किंवा ब्लॉकसाठीचा केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट. हे काम मात्र करून दाखवलेल्या माणसाकडूनच करून घ्या. निवांत_पुणेकरांचा सल्ला मी फक्त इथे मान्य करतो.

प्युरिफायर हलका आहे, पाणी भरूनही. सिपोरेक्समध्ये हॅमर पूर्ण बंद. बाबांचं ड्रिल इथे राजा आहे. प्लगपेक्षा एक नंबर लहान बिट घ्या, ८ च्या लांब नायलॉन प्लगला ७ चं भोक, आणि प्लग ठोकून बसवा, घट्ट जायला हवा.

पण त्याआधी टाइल. स्वयंपाकघराच्या भिंतीवरची चकचकीत सिरॅमिक टाइल असेल तर काचेचा भाल्यासारखा बिट पुरतो. व्हिट्रिफाइड असेल तर डायमंडचा पोकळ बिट लागतो. कुठली आहे ते उरलेल्या तुकड्याची कड बघून कळतं: आतली माती लालसर किंवा पांढरी आणि वरचा थर वेगळा दिसला तर सिरॅमिक, आरपार एकच रंग आणि नखाने काही होत नाही तर व्हिट्रिफाइड. खुणेवर मास्किंग टेप लावा, नाहीतर बिट ग्लेझवरून घसरतो आणि ओरखडा आयुष्यभर समोर. सगळ्यात कमी स्पीड. डायमंडचा बिट तिरका धरून चंद्रकोर पाडायची, मग हळूहळू सरळ करायचा, आणि कुणाला तरी बाटलीतून पाण्याचा थेंब थेंब सोडायला उभं करा. पाणी बिटावर, मशीनवर नाही. टाइल पार झाली की आवाज बदलतो. तिथे थांबून भिंतीचा बिट लावायचा. टाइलवर हॅमर लावलात तर तडा कोपऱ्यापर्यंत जातो.

आता वायरी आणि पाइप. स्विचबोर्डाच्या नेमक्या वर, नेमक्या खाली आणि त्याच उंचीवर आडवं, इथे भोक पाडायचं नाही. विटांच्या घरात एवढं पाळलं की बहुतेक वेळा भागतं. मायवानमध्ये पाइप ओतायच्या आधी सळयांना बांधतात, ते सरळच असतील याची हमी नाही. म्हणून ताबा घेताना इलेक्ट्रिकचा नकाशा मिळाला असेल तर काढा, नसेल तर मागा. त्या खोलीचा एमसीबी पाडून वीज बंद करा आणि मशीनला दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन घ्या. मेन बोर्डातल्या आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते आधी बघा. बाथरूममध्ये गीझरच्या पॉइंटपासून खाली मिक्सरच्या नळापर्यंतचा सगळा पट्टा पाण्याचा समजा.

पडदे, टीव्ही, फळ्या: हे सरळ आहे. बिटावर प्लगच्या लांबीपेक्षा १० एमएम पुढे रंगीत टेप गुंडाळा, तिथे थांबायचं. मधून मधून बिट चालू ठेवूनच बाहेर ओढा म्हणजे चुरा निघतो. भोक झालं की आतली धूळ काढा, छोट्या पंपाने किंवा व्हॅक्यूमने. तोंडाने फुंकू नका, सगळी डोळ्यांत येते. धूळ राहिली तर प्लग अर्धाच जातो आणि मग माणसं हातोडीने त्याचं डोकं चेपतात. भोकाखाली टेपने कागदी पाकीट चिकटवा, जमीन पुसावी लागत नाही. स्क्रूची लांबी म्हणजे प्लग, अधिक ब्रॅकेटची जाडी, आणि वर स्क्रूच्या जाडीएवढं थोडं. स्क्रूचं टोक प्लगच्या पार जायला हवं, तेव्हाच प्लग पूर्ण फुगतो. ज्याला लोक फिशर म्हणतात तो नायलॉनचा प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशरने १९५८ साली काढला. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं आपल्याकडे छिन्नीने चौकोनी खड्डा करून लाकडी गिट्टीच ठोकायचे, रत्नागिरीच्या ताई सांगतात तशी. एक भोक म्हणजे एक सकाळ.

पडद्यासाठी ६, टीव्हीसाठी आणि पुस्तकांसाठी ८. मीटरभर फळीवर पुस्तकं ठासून भरली तर वीस-पंचवीस किलो सहज होतात, वाचणाऱ्या माणसांना याचा अंदाज नसतो.

गॅलरीच्या छताचं शेवटी. डोक्यावर काम करताना गॉगल लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मास्कही, काँक्रीटची तलम धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. बिटाला प्लास्टिकची जुनी वाटी आरपार ओवा, धूळ तिच्यात पडते. स्लॅबमध्ये खालच्या अंगाला सळया आणि त्यांच्यावर वायरीचे पाइप असतात, त्यामुळे टेपच्या खुणेपुढे एक एमएमही नको. गॅलरीतल्या दिव्यापासून भिंतीवरच्या बोर्डाकडे मनात एक रेघ ओढा आणि त्या रेघेपासून लांब राहा.

बॅटरीवाला

काकांचं सगळं मान्य, पण बॅटरीच्या मशीनला त्यांनी सावत्र वागवलं. माझा मॉड्युलर फर्निचर जोडायचा धंदा आहे, दिवसभर हातात १२ व्होल्टचं ड्रायव्हर-ड्रिल असतं. कपाटाच्या बिजागऱ्या, हँडल, प्लायमध्ये ३ चं पायलट भोक, पडद्याच्या ब्रॅकेटचे स्क्रू पिळणं, यात वायरवालं मशीन म्हणजे पायात दोरी. चकच्या मागे आकड्यांची रिंग असते ती क्लचची. प्लायला ५-६ वर ठेवा, स्क्रू बसला की क्लच सुटतो, डोकं लाकडात बुडत नाही.

२१ व्होल्टच्या संचाबद्दल: आत पाच सेल असतात, एकेक ३.६ चा, म्हणजे १८. पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४.२, म्हणून २१. तोच डबा, मोठा आकडा. मोठ्या कंपन्या त्यालाच १८ म्हणतात. घ्यायचंच असेल तर दोन बॅटऱ्यांसकट घ्या, आणि त्याच कंपनीची सुटी बॅटरी दोन वर्षांनी मिळेल का ते आधी विचारा. ती मिळाली नाही तर मशीन पेपरवेट.

जिग_फिक्श्चर

सावत्र नाही हो. बाईंची भिंत काँक्रीटची आहे, एवढंच. प्लायमध्ये तुमचाच शब्द शेवटचा.

पसारेवाली

अपडेट. हॅमर भाड्याने आणला. आजींना आधीच फोन करून वेळ सांगितली, दुपारी दोन ते चार अर्थातच सोडून. त्या म्हणाल्या, "माझ्याकडेही एक घड्याळ लावायचंय." पडदे लागले. पहिलं भोक पडताना मी जुन्या सवयीने रेटत होते, मशीन थरथरून निषेध करत होतं. हात सैल सोडला आणि खरंच स्वतः आत गेलं. टीव्हीच्या एका भोकात चकचकीत कीस आला. ब्रॅकेटला लांब खाचा होत्या, म्हणून तीन सेंटिमीटर सरकता आलं. गीझर प्लंबर शेजारच्या भिंतीवर घेतोय, नळीचे पैसे वाढले, चालेल. प्युरिफायर बाबांच्या मशीनने, सिरॅमिक टाइल निघाली, भाल्याच्या बिटाने झालं. आजींचं घड्याळही लावून दिलं.

एकच शंका. प्युरिफायरचं काम करताना बाबांच्या मशीनमधून मागच्या जाळीतून ठिणग्या दिसत होत्या, आधीपेक्षा जास्त. गेलं का ते?

जिग_फिक्श्चर

गेलं नाही. कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे, संपत आलेत. निळसर बारीक ठिणगी नेहमीचीच असते, पिवळ्या, गोल फिरणाऱ्या दिसल्या की कार्बन बघायचे. आधी मशीनची पिन सॉकेटमधून काढून ठेवा, बऱ्याच मशीनला बाजूला दोन काळ्या टोप्या असतात, पेचकसाने उघडतात. तशा नसतील तर मागचं झाकण. आतला ठोकळा ५-६ एमएमपेक्षा कमी उरला असेल तर बदलायचा. जुना ठोकळा दुकानात घेऊन जा, मापाचा मिळतो, शंभर-दीडशेच्या वर जाऊ नये. बदलताना दोन्ही एकदम बदला, आणि नंतर मशीन पाच मिनिटं रिकामंच फिरवा म्हणजे नवे कार्बन बसतात.

मागच्या जाळीत साताऱ्याची लाल धूळ असेल, ब्रशने काढा.